स्वतःच्या आयुष्यावर पहिली कादंबरी कशी लिहावी : एका बुडीत गावाच्या निमित्ताने

‘माझ्या आयुष्यावर एक कादंबरी होईल’ असं म्हणणारी माणसं गावोगाव भेटतात, आणि त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं. अडतं ते पुढे. वही आणली जाते, सुरुवातीची पानं भराभर लिहून होतात, मग एका दिवशी पुढचं सुचत नाही आणि वही कपाटात जाते. ज्यांची वही अशी कपाटात पडली आहे, किंवा अजून विकतच आणलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी ज्या अनुभवावर लिहिलं तोच उदाहरणाला घेतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. आमचं गाव भीमेकाठचं. उजनी धरण जून १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्याखाली करमाळा, इंदापूर, माढा, दौंड, कर्जत या तालुक्यांतल्या गावांची जमीन आणि घरं गेली. आमचं गावही त्यातच गेलं. तुमचा अनुभव गिरणीतल्या पाळीचा असेल, ऊसतोडीचा असेल, दवाखान्यातल्या रात्रपाळीचा असेल. पायऱ्या फार बदलत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. आपल्याला काय सोसावं लागलं हे सांगायला आत्मकथन पुरतं. कादंबरी लिहायची तर त्याच अनुभवातल्या ज्या माणसाला आपण तेव्हा समजून घेतलं नाही, त्याच्या बाजूला जाऊन उभं राहावं लागतं. खालच्या सगळ्या पायऱ्या तिथवर पोचण्यासाठी आहेत.

काय काय लागेल

- दोन जाड वह्या. एक आठवणींसाठी, दुसरी फक्त तारखा, नावं, भाव आणि अंतरं यांच्यासाठी. या दोन्ही एकत्र करू नका.
- फोनवरचं रेकॉर्डिंग, आणि ते ऐकून उतरवून काढण्याइतका संयम.
- जुने कागद : सातबारा, फेरफार, नोटिसा, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, किराण्याची उधारीची वही, पत्रं.
- तालुक्याचा नकाशा.
- संगणकावर लिहिणार असाल तर युनिकोड. इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला थोडे दिवस जातात, पण तीनशे पानांच्या कामात ते वसूल होतात.
- घरातल्यांना सांगून मिळवलेला रोजचा एक तास. तो पहाटेचा असो की रात्रीचा, ठरलेला असू द्या.

१. आठवणी लिहून काढा, पण जन्मापासून नको

पहिला सापळा इथेच आहे. बहुतेक जण ‘माझा जन्म अमुक गावी एका गरीब कुटुंबात झाला’ इथून सुरू करतात. मग बालपण, शाळा, सण, जत्रा, असं करत मूळ गोष्टीपर्यंत यायच्या आतच दमतात.

त्याऐवजी सुट्या आठवणी लिहा. एका आठवणीला एक पान, वर एक शीर्षक : ‘मोजणीवाले आले तो दिवस’, ‘बाहत्तरचा मिलो’ (दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशी लाल ज्वारी), ‘विहिरीवरचं भांडण’. क्रम लावू नका. सुंदर वाक्यं रचू नका. काय दिसलं, कसला वास होता, कोण काय बोललं, एवढंच लिहा. ‘फार वाईट वाटलं’ अशी वाक्यं या वहीत येऊ देऊ नका. वाईट वाटलं तेव्हा तुम्ही नेमकं काय करत होता, ते लिहा.

हे काम दोन-तीन महिने चालू द्या. एकाच माणसाच्या नावाभोवती आठवणी गोळा व्हायला लागतात. ते नाव अधोरेखित करून ठेवा.

२. कागद गोळा करा

या पायरीला लोक सर्वांत जास्त कंटाळतात, आणि मला विचाराल तर सर्वांत जास्त कथा इथेच मिळते.

आठवण घटना जपते, त्यांचा क्रम मात्र जपेलच असं नाही. गाव उठलं ते आधी की बहिणीचं लग्न आधी, यावर घरात तीन मतं असतात. फेरफाराच्या नोंदीवर तारीख असते. जुने सातबारा आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मागता येतात, आणि बऱ्याच जिल्ह्यांचे आता स्कॅन करून ऑनलाइनही ठेवलेले आहेत. भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे कोणाची किती जमीन गेली आणि तिचा किती मोबदला ठरला त्याचा आदेश, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन शाखेत विचारा. सरळ मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याला दहा रुपयांचं शुल्क लागतं आणि उत्तर द्यायला कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे.

निवाड्याच्या कागदातून काय मिळतं ते सांगतो. तेव्हा जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली जायची. कलम ४ ची अधिसूचना, मग कलम ६ ची घोषणा, कलम ९ ची नोटीस आणि शेवटी कलम ११ चा निवाडा. ठरलेला मोबदला कमी वाटला तर कलम १८ खाली कोर्टात वाढ मागता यायची. पण त्यात एक मेख होती. पैसे उचलताना ‘हरकत राखून’ घेतले असतील तरच पुढे दावा करता यायचा. मुकाट अंगठा उठवून पैसे घेतले की तो हक्क गेला.

आता दोन भाऊ डोळ्यांसमोर आणा. थोरल्याला कुणीतरी शहाण्याने हे सांगितलं आहे. धाकट्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि थोरल्यानेही सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं? विसरला? रांगेत वेळ मिळाला नाही? की वाटणीचा जुना राग होता? तुमच्या कादंबरीचा कणा या एका प्रश्नातून उभा राहू शकतो, आणि तो प्रश्न कायद्याच्या एका कलमातून आला. नुसत्या आठवणीवर विसंबून राहिलो असतो तर ‘काकांनी आम्हाला फसवलं’ एवढंच वाक्य हाती लागलं असतं.

कागदांचा आणखी एक उपयोग म्हणजे काळाच्या चुका टळतात. राज्याचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा आहे. तुमच्या कादंबरीतला माणूस १९७१ मध्ये पारावर बसून ‘कायद्याने आम्हाला जमीन मिळालीच पाहिजे’ असं बोलू लागला, तर जाणकार वाचक पुस्तक तिथेच मिटेल. गावाची लोकसंख्या, शाळा, पाण्याची सोय यांसाठी १९६१ आणि १९७१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिका पाहा. त्याआधीचा काळ हवा असेल तर मुंबई इलाख्याचं गॅझेटियर आहे. सोलापूरचा खंड १८८४ चा, पुण्याचा १८८५ चा. जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकं मोठ्या ग्रंथालयांत जपलेली असतात. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून.

आणि कागदात जे नाही तेही वाचा. निवाड्यात नावं असतात ती जमीनधारकांची. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती ते शेतमजूर, गावकीची कामं करून बलुत्यावर जगणारी घरं, कुळाने कसणारे पण नोंद न लागलेले, हे त्या यादीत सापडत नाहीत. गाव त्यांचंही बुडालं. सातबाऱ्यावर बाईचं नाव क्वचितच असायचं, पण घर मोडून नव्या गावठाणात पुन्हा चूल मांडली ती तिने. यादीतल्या माणसांवर लिहायला आधार भरपूर मिळतो, म्हणून पहिल्यांदा लिहिणारे तिकडेच वळतात. तुम्ही यादीबाहेरच्या घरांकडे जा.

३. माणसांशी बोला, आणि मुलाखत घेतोय असं वाटू देऊ नका

‘धरणाबद्दल सांगा’ असं विचारलं की लोक भाषण देतात. ‘वाड्याचं सागवान कुठं गेलं?’ असं विचारलं की कथा येते. वस्तूबद्दल विचारा : दाराची चौकट, जातं, बैल, देव. नव्या गावठाणात जाताना घराची लाकडं, दगड, पत्रे लोकांनी उचलून नेले होते, त्यामुळे प्रत्येक घरात एखादी तुळई बोट दाखवायला असते.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि त्या भागातली म्हातारी माणसं तिथे जातात. तुमच्या विषयाचीही अशी एखादी जागा असेल, जिथे माणसं आपणहून बोलतात. गिरणी कामगारांची चाळ, माजी सैनिकांचं कँटीन, निवृत्त शिक्षकांचा पेन्शनचा दिवस. तिथे वहीशिवाय जा.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा. आणि दोन माणसांनी एकच घटना वेगवेगळी सांगितली तर खरं कोणाचं हे ठरवायची घाई करू नका. दोन्ही लिहून ठेवा. दोघं वेगळं का सांगतात, हे पुढे लिहिताना कामाला येतं.

४. न समजलेला माणूस शोधा

आता पहिल्या वहीतलं ते अधोरेखित नाव काढा. बहुतेकांच्या बाबतीत तो माणूस असतो ज्याच्यावर आपला राग आहे. माझ्या बाबतीत तो मोबदल्याचे पैसे घेऊन तालुक्याला दुकान टाकणारा चुलता होता. घरात त्याचं नाव निघालं की जेवणं थांबायची.

एक अभ्यास करा. त्या माणसाच्या एका दिवसाचं वर्णन त्याच्या बाजूने लिहा. तो सकाळी उठतो तेव्हा त्याला कसली काळजी आहे? त्याच्याकडे किती पैसे आहेत? त्याला कोणाची लाज वाटते? तो स्वतःला चांगला माणूस समजतो, कारण प्रत्येक माणूस समजतो. ते तो कसं पटवून घेतो? सात-आठ पानं होईपर्यंत थांबू नका.

हे लिहिताना अंगावर येतं. वडिलांची बाजू सोडल्यासारखं वाटतं. पण इथेच समजतं की आपल्याकडे कादंबरी आहे की तक्रार. चुलत्याला दोन मुली होत्या आणि कोरडवाहू जमिनीला कुणी स्थळ देत नव्हतं, हे लिहिता लिहिता पुढे आलं की वडिलांचा रागही वेगळा दिसू लागतो. तो कमी होत नाही. त्याला वजन येतं.

मोजणीला आलेला भूकरमापक, नोटीस वाटणारा कोतवाल, ज्यांच्या शेजारी नवं गावठाण बसलं त्या गावचे लोक, यांच्यावरही पानभर लिहून पाहा. आधीच्या गावकऱ्यांची गायरानं पुनर्वसनात गेली असतील, तर त्यांना तुम्ही कोण वाटलात? हा प्रश्न विस्थापितांवरच्या लिखाणात फार कमी येतो, आणि तो यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

५. कोण सांगणार ते ठरवा

‘मी’ने सांगायचं की ‘तो’ने? ‘मी’ सोपा वाटतो, पण ‘मी’ जिथे हजर नव्हता तिथलं त्याला सांगता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून सांगणार असाल तर कलम १८ त्याला कळणार नाही. त्याला फक्त वडील रात्री जागे दिसतील. तो तोटाही आहे आणि ताकदही. तृतीयपुरुषी निवेदनात सगळ्यांच्या घरात जाता येतं, पण एका प्रकरणात एकाच्याच डोक्यात राहा. परिच्छेदागणिक उड्या मारल्या की वाचक कुणाचाच राहत नाही.

मोठा ‘मी’, लहान मुलगा आणि ‘तो’, अशा तीनही प्रकारे एकच प्रसंग लिहा आणि मोठ्याने वाचा. कानाला कळतं.

६. बोलीचा निर्णय एकदाच घ्या

संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, हा रुळलेला मार्ग आहे. सगळंच बोलीत लिहिणंही जमतं, पण मग निवेदक गावातलाच हवा. काहीही निवडा, ते शेवटपर्यंत पाळा. एका पानावर ‘न्हाई’, दुसऱ्यावर ‘नाय’, तिसऱ्यावर ‘नाही’ असं होत असेल तर मुद्रितशोधक हात टेकतो. तुमच्या पात्रांच्या शब्दांची एक यादी करून भिंतीला लावा. करमाळ्याकडचं बोलणं आणि दौंडकडचं बोलणं सारखं नाही, हेही लक्षात असू द्या.

बोली म्हणजे फक्त अडाणी पात्रांची भाषा, असं करू नका. मास्तर, तलाठी, शिकलेली सून हेही घरात बोलीच बोलतात.

७. सांगू नका, प्रसंग उभा करा

आठवणीतलं वाक्य असं असतं : ‘गाव उठताना भावाभावांत भांडणं झाली आणि आईला फार दुःख झालं.’ यात खोटं काही नाही, पण दिसत काहीच नाही. तेच असं लिहून पाहा :

“चौकट माझ्या गाडीत टाका,” थोरला म्हणाला.

“आन् माझ्या घराला काय कुडाचं दार लावू?”

“तुला तुळई दिली की सागवानी.”

“तुळई दिली म्हंजे उपकार केलं का?”

गडी पहार घेऊन थांबले होते. आई आतून आली आणि उंबऱ्यावर बसली. “आधी मला उचला,” ती म्हणाली, “मग काय न्यायचं ते न्या.”

दुःख हा शब्द आला नाही. वस्तू आली, दोन माणसांना तीच हवी होती, आणि तिसऱ्याने जागा अडवली. प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगाला हे तीन प्रश्न विचारा : मध्ये वस्तू कोणती, ती कोणाला हवी, वाट कोण अडवतंय?

सगळंच प्रसंगात लिहू नये. दोन वर्षं पाऊस पडला नाही, हे एका परिच्छेदात सांगून पुढे जा. काळ दाखवायला तारखांपेक्षा शेतीचं आणि सणांचं वेळापत्रक वापरा : पंचमी, पोळा, सुगी, हुरडा. बाहत्तरच्या दुष्काळावर लिहिताना खडी फोडायची कामं आणि वाटलेली सुकडी पुरेशी बोलते.

८. पहिला खर्डा मागे वळून न पाहता संपवा

रोज लिहा, थोडं लिहा. कालचं दुरुस्त करत बसू नका. ज्या जागी माहिती नाही तिथे चौकोन काढून पुढे चला. साठ-सत्तर हजार शब्द झाले की डेमी आकारात साधारण अडीचशे पानांचं पुस्तक होतं. पहिल्या कादंबरीला तेवढं भरपूर झालं. फाइलची एक प्रत स्वतःलाच मेल करत जा आणि एक पेनड्राइव्हवर ठेवा.

९. नावं बदला, आणि नीट बदला

नुसतं आडनाव बदलून भागत नाही. मारुतीच्या देवळाशेजारचं घर, एका पायाने अधू, तालुक्याला दुकान, एवढं तसंच ठेवलं तर गाव पाच मिनिटांत ओळखतं. दोन माणसं मिळून एक पात्र करा, किंवा एकाची दोन करा. धंदा, घराची जागा, मुलांची संख्या बदला.

‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही ओळ छापली म्हणजे सुटलो, असं नसतं. अब्रुनुकसानीची तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून. मृत व्यक्तीबद्दलचा मजकूरही, नातेवाइकांच्या भावना दुखवण्याच्या हेतूने लिहिला असेल तर, त्यात येऊ शकतो. शंका असेल ती पानं वकिलाला दाखवा.

कायद्यापलीकडची गोष्ट अशी की ज्या बाईने विश्वासाने तुम्हाला काही सांगितलं, तिला ते प्रकरण छापण्याआधी वाचून दाखवा. तिने नको म्हटलं तर काढा. कादंबरी त्याने मोडत नाही.

१०. पुनर्लेखन

खर्डा महिनाभर बाजूला ठेवा. मग कागदावर छापून एका दमात वाचा. कुठे कंटाळा आला तिथे खूण करा. दुसऱ्या वाचनात ‘पण हे खरंच घडलं होतं’ एवढ्याच कारणासाठी ठेवलेले प्रसंग शोधा. हा नवख्यांचा सगळ्यात चिवट आजार आहे. घडलं म्हणून प्रसंग पुस्तकात राहत नाही, त्याच्यामुळे पुढचं काहीतरी हलत असेल तर राहतो. निबंधासारखी वाटणारी, धरणाच्या धोरणावरची पानंही इथेच निघतील. पाण्याची क्षमता एकशे सतरा टीएमसी, हे पात्राच्या तोंडी घालायची गरज नसते.

वाचायला दोघांना द्या : एक त्या अनुभवातला, एक अजिबात बाहेरचा. घरच्यांना एवढ्यात नको.

११. प्रकाशकाकडे जाताना

टंकलिखित प्रत पाठवण्याआधी फोन करून विचारा : पूर्ण हवी की तीन प्रकरणं आणि सारांश. काही प्रकाशक अजून श्रीलिपी या युनिकोडआधीच्या टंकप्रणालीत काम करतात. युनिकोडमधून रूपांतर करताना ‘ऱ्या’, रफार आणि जोडाक्षरं तुटतात, त्यामुळे मुद्रितं स्वतः तपासा. एखादं प्रकरण आधी दिवाळी अंकाकडे पाठवता येतं. उन्हाळ्यातच चौकशी करा, गणपतीनंतर उशीर झालेला असतो.

पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. त्या वर्षीची जाहिरात आणि अटी मंडळाच्या संकेतस्थळावर पाहा.

करार वाचताना इतकं तपासा. मानधन छापील किमतीवर आहे की विक्रीतून आलेल्या रकमेवर? ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, चित्रपट हे हक्क वेगवेगळे लिहिले आहेत का? मुदत किती? स्वामित्व हक्क कायदा १९५७ चा आहे, आणि त्यानुसार हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. नोंदणी सक्तीची नाही. लिहिलं त्या क्षणापासून हक्क तुमचा असतो. तरी हवी असेल तर साहित्यकृतीसाठी पाचशे रुपये शुल्क भरून करता येते. छपाईसाठी तुमच्याकडेच पैसे मागत असतील तर किती प्रती, कुठे विकणार, हिशेब कधी देणार, हे लेखी घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

लेखकाला मोफत मिळणाऱ्या प्रतींचा आकडाही त्याच बैठकीत वाढवून घ्या. ज्या घरांनी नोटिसा, फोटो आणि उधारीच्या वह्या काढून दाखवल्या, त्या प्रत्येक घरात एक प्रत जायला हवी, आणि पाच-दहा प्रतींत ते होत नाही.